डॉक्टरीणबाईंचा सोफा

सोफा दारात अडकला तेव्हा मिस्त्रीणबाई घरात होत्या आणि बेकरीवाला व त्याचा मेहुणा जिन्यात. मध्ये हिरव्यागार मखमलीचा, तीन माणसं ऐसपैस बसतील असा सोफा आडवा. तो ना पुढे सरकत होता, ना मागे.

"वहिनी, दरवाजा लहान आहे," बेकरीवाला घाम पुसत म्हणाला.

"दरवाजा आहे तेवढाच राहणार हो. तुम्ही जरा तिरपा करा."

"तिरपाच आहे. आणखी तिरपा केला तर मेहुणा खाली जाईल."

इतक्यात जिन्यावर पावलं वाजली आणि मिस्त्रीणबाईंनी ती ओळखली. मिस्त्री चर्चमधल्या बाकांच्या गाद्या बसवायला गेले होते; ते काही संध्याकाळच्या आत येत नाहीत, अशा भरवशावर त्यांनी हा घाट घातला होता. पण गाद्या लवकर बसल्या असाव्यात.

"हा डॉक्टरीणबाईंचा सोफा," मिस्त्री जिन्यातून म्हणाले. डॉक्टरीणबाई त्यांच्या गिऱ्हाईक; सोफ्याला नवी मखमल त्यांनी स्वतः कालच चढवली होती, तेव्हा ओळखायला वेळ लागला नाही.

"हो," आतून आवाज आला.

"तो खाली दुकानात होता."

"होता. आता वर येतोय."

"का पण?"

का ते मिस्त्रींनाही ठाऊक होतं. लेकीचे होणारे सासू-सासरे आज पहिल्यांदाच जेवायला येणार होते. लेक इस्पितळात नर्स, मुलगा तिथेच एक्स-रे काढणारा. दोघांचं जमलं होतं, मुलगा सोन्यासारखा होता. पण आईच्या शब्दाबाहेर नव्हता. आणि आई कशी, तर थोरल्या मुलाचं ठरत आलेलं लग्न तिनं मुलीच्या घरात पाय ठेवल्याबरोबर मोडलं होतं म्हणे. का मोडलं ते कुणी सांगत नव्हतं, त्यामुळे मिस्त्रीणबाईंनी सगळी कारणं स्वतःच शोधून काढली होती आणि त्यातलं पहिलं कारण होतं घरातला सोफा.

गावभरच्या खुर्च्या, दिवाण, गाड्यांच्या सीटा नीट करणाऱ्या माणसाच्या घरातला सोफा म्हणजे दिव्याखालचा अंधार होता. लग्नानंतर कुणाच्या तरी फेकलेल्या सामानातून तो आला. मधल्या स्प्रिंगा तेव्हाच बसलेल्या होत्या. "पुढच्या आठवड्यात बदलतो," मिस्त्री म्हणाले होते, आणि तेव्हापासून तो पुढचा आठवडा पुढेच होता. कारण गिऱ्हाइकाचं काम आधी. कुणीही कुठल्याही टोकाला बसलं तरी हळूहळू घसरत मधल्या खड्ड्यात जायचं. मिस्त्री, मिस्त्रीणबाई आणि मधे लेक असे तिघं बसले की लेकीचा पार चेंदामेंदा व्हायचा.

"उद्या सकाळी परत दुकानात," मिस्त्रीणबाई म्हणाल्या. "एक संध्याकाळ. माझ्या घरी आलेल्या माणसाला जन्मात एकदा तरी मला सरळ बसवू द्या हो."

मिस्त्री सोफ्यावरून वाकून बायकोकडे बघत राहिले. तिनं कपाळावरचे केस मनगटानं मागे सारले. तिच्या गालाला पीठ लागलं होतं. मग त्यांनी खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला.

"पाय काढल्याशिवाय जायचा नाही," ते म्हणाले आणि खाली बसून एकेक पाय सोडवू लागले. "पण विचारलं तर मी खोटं बोलणार नाही."

"सोफा कुणाचा, असं कुणी विचारतं का? तुम्ही नुसतं गप्प बसा."

"पाहुण्यांशी सोफ्याबद्दल चकार शब्द काढणार नाही," मिस्त्रींनी शब्द दिला. मिस्त्रींचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. बाई निर्धास्त झाल्या.

इथेच त्या फसल्या. संकटांची सगळी दारं त्यांनी बंद केली होती. जुना सोफा मागच्या खोलीत ढकलून त्यावर चादर टाकली होती. काचेचे पेले वरच्या मजल्यावरच्या काकूंकडून आणले होते. टेबलावरचं पांढरं कापड चर्चच्या महिला मंडळाच्या कपाटातून आलं होतं. एक दार मात्र उघडं राहिलं, आणि ते जेवणाआधीच्या प्रार्थनेचं.

मिस्त्रींची प्रार्थना हा घरातला जुना विनोद होता. इतर लोक जेवणाबद्दल देवाचे आभार मानतात आणि घास उचलतात. मिस्त्री एकेका वस्तूबद्दल आभार मानायचे, आणि ती कुठून आली हेही देवाला सांगायचे. 'या टोमॅटोंबद्दल आभार, जे काकूंच्या कुंडीतले आहेत. या मिठाबद्दल आभार, जे आज जरा जास्त झालंय.' लेक लहानपणी विचारायची, "बाबा, देवाला माहीत नसतं का?" तर म्हणायचे, "त्याला असतं गं. आपण विसरतो." फोडणी थंड व्हायची, बाईंचा जीव वरखाली व्हायचा. त्यांची स्वतःची प्रार्थना अगदी सुटसुटीत होती: काय काय हवं ते सांगायचं आणि आमेन.

पाहुणे वेळेवर आले, मुलगाही बरोबर होता. व्याही गोलमटोल, हसरे. आल्याआल्या वासावरून कोंबडी ओळखून मोकळे झाले. विहीणबाई मात्र दारातूनच ताठ. अंगात गडद निळा, झुळझुळीत, चांगला भारी पोशाख. मखमली सोफ्याच्या अगदी कडेवर त्या टेकल्या आणि पाठ टेकवायचं नाव काढीनात.

"आरामात बसा ना," मिस्त्रीणबाई म्हणाल्या.

"ठीक आहे," विहीणबाई म्हणाल्या.

"केक घ्या थोडासा. घरचाच आहे."

"नको."

दोन शब्दांच्या वर त्यांची गाडी जात नव्हती. मिस्त्रीणबाई मनात म्हणाल्या, एवढी मखमल अंथरली तरी बाईंचं नाक वरच! लेक स्वयंपाकघरात येऊन हळूच म्हणाली, "आई, त्यांना मी आवडले नाही." तिचा चेहरा एवढासा झाला होता. मिस्त्रीणबाईंनी तिच्या हातात पावाची टोपली दिली, कारण द्यायला दुसरं काही नव्हतं.

टेबलाशी सगळे बसले आणि तेव्हा कुठे बाईंना त्या उघड्या दाराची आठवण झाली. त्या घाईघाईनं व्याह्यांना म्हणाल्या, "प्रार्थना तुम्हीच करा. पाहुण्यांचा मान."

"छे छे, घराच्या कर्त्यानंच करावी," व्याह्यांनी हात जोडून डोळे मिटूनही टाकले.

"थोडक्यात करा हं," बाई नवऱ्याच्या कानाशी म्हणाल्या. "भूक लागलीय सगळ्यांना."

मिस्त्रींनी मान हलवली आणि डोळे मिटले.

"हे देवबापा, तुझे आभार मानतो. हे पाहुणे आमच्या दारी आले, त्याबद्दल आभार. या पावाबद्दल आभार, आणि आमच्या बेकरीवाल्याच्या हातांबद्दल, ज्यांनी आज दुपारी आणखीही वजन उचललं. या पेल्यांबद्दल आभार, जे काकूंनी विश्वासानं दिले. या पांढऱ्या कापडाबद्दल, जे तुझ्याच घरातलं आहे."

मिस्त्रीणबाईंनी टेबलाखालून पाय मारला. पलीकडे व्याही दचकले; पण डोळे मिटलेलेच ठेवले, भला माणूस.

मिस्त्री क्षणभर थांबले. गप्प राहायचा शब्द पाहुण्यांच्या बाबतीत दिला होता, देवाच्या बाबतीत नव्हे. त्यांचा आवाज खाली आला.

"आणि बापा, त्या सोफ्याबद्दल आभार. तो डॉक्टरीणबाईंचा आहे, हे तुला ठाऊकच आहे. त्यांना न विचारता आणलाय, त्याची क्षमा कर. त्यात माझ्या बायकोचा दोष नाही. मी जगाच्या बैठका सरळ करत राहिलो आणि ती बिचारी इतकी वर्षं खड्ड्यात बसली. तरी तिनं या घरात कुणाला उपाशी उठू दिलं नाही. बापा, या टेबलावर बरंच काही आज उसनं आहे. पण ती उसनी नाही. ती तू दिलेली आहेस. तिच्याबद्दल तुझे फार फार आभार. येशूच्या नावानं मागतो..."

आमेन कुणीच म्हणालं नाही. मिस्त्रीणबाईंनी डोळे उघडले नाहीत, कारण उघडले असते तर वाहिले असते. लाजेनं त्यांचे कान तापले होते. आणि गंमत म्हणजे त्या लाजेच्या खाली कुठेतरी त्यांना इतकं बरं वाटत होतं, की ते कुणाला कळू नये म्हणून त्यांनी मान आणखी खाली घातली. लग्न मोडलं, हे तर आता नक्कीच होतं. आणि इतक्या वर्षांत आपल्याबद्दल कुणी देवाकडे असं बोललं नव्हतं, हेही तितकंच नक्की होतं.

"थांबा," विहीणबाईंचा आवाज आला. "आमेन म्हणू नका. मला पण बोलायचंय."

सगळे हात जोडलेल्या अवस्थेतच गोठले.

"प्रभू," विहीणबाई दर दोन शब्दांना थांबून श्वास घेत म्हणाल्या, "या पोशाखाबद्दल आभार. हा माझ्या बहिणीचा आहे आणि ती माझ्याहून पुष्कळ बारीक आहे. नवऱ्यानं आणि मुलानं दोघांनी मिळून याची चेन लावली. तेव्हापासून मला वाकता येत नाही, पाठ टेकता येत नाही आणि दोन शब्दांच्या वर श्वास पुरत नाही. तो केक फार छान दिसत होता. आता या घरात काही लपवायचं राहिलं नाही, तर प्रभू, कुणीतरी माझ्या पाठीची चेन उघडावी. आमेन!"

"आमेन!" व्याही गरजले.

लेक धावलीच. चेन सरकन खाली आली, विहीणबाईंनी पोटापासून श्वास घेतला आणि पुढची दोन मिनिटं कुणाला बोलता येईना. व्याही हसता हसता खुर्चीतून घसरायला आले. होणारा जावई टेबलावर डोकं ठेवून हसत होता. मिस्त्रीणबाई हसत होत्या आणि रडतही होत्या, आणि त्यांनी डोळे पुसले ते महिला मंडळाच्या पांढऱ्या कापडाला. मिस्त्री एकटेच गोंधळून म्हणत होते, "अगं, मी पाहुण्यांना काही बोललो नाही हं."

मिस्त्रीणबाईंनी आपला कपाटातला सैल झगा विहीणबाईंना दिला. तो घालून त्या दोनदा कोंबडी वाढून घेत जेवल्या, आणि थोरल्याचं लग्न का मोडलं तेही आपणहून सांगितलं. "त्या घरी मला सगळं दाखवलं हो, कपाटं, पडदे, कपबशा. पण घरातली माणसं एकमेकांशी बोलेनात. माझं पोर तिथं गारठलं असतं." मग त्या लेकीकडे वळल्या. "तुझ्या बापाला काही झाकता येत नाही. तू पण तशीच असलीस तर मला चालेल."

लेकीनं त्यांच्या ताटात केकचा मोठा तुकडा ठेवला.

"आता तो खड्डा कुठंय?" विहीणबाई म्हणाल्या. "मला बघायचाय."

चादर दूर झाली. दोघी विहिणी दोन टोकांना बसल्या, एकमेकींकडे बघत घसरू लागल्या आणि खांद्याला खांदा लावून मधोमध आपटल्या. हिरवी मखमल त्या संध्याकाळी बाहेर एकटीच राहिली.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी सोफा परत खाली नेला, पाय बसवले आणि डॉक्टरीणबाई आल्या तेव्हा सगळं सांगून टाकलं. बाईंनी चष्मा वर सरकवला.

"लग्न ठरलं का?"

"ठरलं."

"मग तुमच्या बायकोला विचारा, पडदे पण हवेत का," असं म्हणून त्यांनी सोफा टेम्पोत चढवायला लावला.

लेकीचं लग्न झालं. विहीणबाई स्वतःच्या, चांगल्या घोळदार पोशाखात आल्या आणि सगळ्यांत जास्त नाचल्या. पाहुणे पांगले, लेक तिच्या घरी गेली. त्यानंतरच्या संध्याकाळी मिस्त्री स्प्रिंगा, काथ्या आणि नवे पट्टे घेऊन वर आले. या वेळी पुढचा आठवडा खरंच आला होता.

मिस्त्रीणबाई चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. त्यांनी त्या सामानाकडे पाहिलं, मग सोफ्याकडे.

"ठेवा ते खाली," त्या म्हणाल्या. "आधी चहा."

दोघं आपापल्या टोकाला बसले. मधे लेक नव्हती, त्यामुळे अडायला काहीच नव्हतं; हळूहळू घसरत दोघं एकमेकांना येऊन टेकले. घर फार शांत होतं. मिस्त्रींनी सवयीनं डोळे मिटले.

"आज मी करते," मिस्त्रीणबाई म्हणाल्या.

मिस्त्रींनी एक डोळा उघडला. बाईंनी हात जोडले होते.

"बापा, या चहाबद्दल आभार. या दोन कपांबद्दल आभार, एकाचा कान तुटलाय, पण दोन्ही आमचे आहेत. लेक तिकडे हसतेय, सकाळी फोनवर ऐकलं मी, त्याबद्दल आभार. इकडे करमत नाही, ते तुला सांगायला नको..." त्या थांबल्या. चहावरची वाफ विरत चालली होती, पण आज त्याची घाई नव्हती.

"आणि खड्ड्याबद्दल?" मिस्त्रींनी हळूच विचारलं.

"तिकडेच येतेय," त्या म्हणाल्या. "डोळे मिटा."