हरणीचे दहा दिवस

नसबंदी करून हरणी कुत्रीला घरी आणलं, त्या दुपारी इंदुमतीबाईंच्या घरात पहिली पायरी उगवली. बैठक आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये आजवर सपाट फरशी होती. आता तिथे वीतभर उंचीची पायरी होती, कडा झिजलेली, जणू वर्षानुवर्षं वापरातली.

जनावरांच्या दवाखान्यातून निघताना डॉक्टर पाठराब्यांनी बजावलं होतं, "दहा दिवस उडी नाही, पळणं नाही, पायरी तर अजिबात नाही. ताण आला की टाके उघडतील."

हरणी टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात घातलेला प्लॅस्टिकचा भोंगा भिंतीवर आपटत पायरीकडे निघाली. इंदुमतीबाईंनी तिला उचललं. पोस्टातून निवृत्त झाल्यापासून घरात दोघीच. एकीचे गुडघे दुखरे, दुसरीचं पोट शिवलेलं.

दुसऱ्या दिवशी चार पायऱ्या होत्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी किसन गवंड्याला बोलावलं. त्यानं छिन्नी लावून एक पायरी फोडली. तिच्याखाली दुसरी निघाली, तिच्याखाली तिसरी. त्यानं हत्यारं पिशवीत भरली.

"बाई, ही कुणी बांधलेली नाही. फोडून संपायची नाही."

"मग काय करू?"

"कुत्रीला उचलून न्यायचं," तो म्हणाला आणि पायऱ्या चढून निघून गेला.

त्या उचलून नेत राहिल्या. लघवीला अंगणात, पुन्हा आत, औषधाला ओट्यापाशी. पाचव्या दिवशी अंगण सतरा पायऱ्या वर गेलं होतं. त्यांनी दवाखान्यात फोन लावला.

"वाढतातच त्या पायऱ्या," डॉक्टर म्हणाले. "जखम कोरडी आहे ना?"

"आहे. पण माझ्याच्यानं आता उचलवत नाही हो."

"अजून पाच दिवस, ताई. तिला चढू देऊ नका."

सातव्या दिवशी खिडकी छतापाशी गेली. शेजारच्या रंभाताईंनी तिच्यातून दहीभाताचा डबा दोरीनं खाली सोडला.

"काकू, दार दिसत नाही तुमचं."

"वर आहे."

"मग बाहेर कधी येणार?"

"टाके निघाले की."

पलंग गेला, कपाट गेलं. त्यांच्या जागी पायऱ्या आल्या. नवव्या दिवशी घरात एका गोधडीपुरतीच सपाट जागा उरली. इंदुमतीबाई तिच्यावर हरणीला कुशीत धरून बसल्या. हरणीला चढायचं होतं. ती अंग काढून घेत होती, कण्हत होती. मधल्या टाक्यातून रक्ताचा एक थेंब आला. बाईंनी तो बोटानं टिपला.

"माझ्या भरवशावर रिक्षात बसलीस गं तू," त्या म्हणाल्या. "शेपूट हलवत बसलीस. मी तुला सांगितलं नाही कुठे नेतेय ते. आता एवढा एक दिवस ऐक माझं."

हरणी भोंग्याआडून त्यांच्याकडे बघत राहिली. मग वर जाणाऱ्या पायऱ्यांकडे.

दहाव्या सकाळी गोधडी मधोमध उचलली जाऊ लागली. खालची फरशी दुभंगून एक बाजू वर सरकत होती. दुसरी सपाट जागा कुठेच नव्हती. इंदुमतीबाई पायऱ्यांवर पालथ्या झाल्या, कोपरं एका पायरीवर, गुडघे दुसरीवर टेकवून त्यांनी पाठ सरळ धरली आणि हरणीला हळूच पाठीवर ओढून घेतलं. चौदा किलोंचं ऊबदार ओझं. ती निजली. बाई बेताबेतानं श्वास घेऊ लागल्या. गुडघ्यांतून कळा येत होत्या, पण पाठ हलली नाही.

फार उंचावरून दार वाजलं.

"ताई, टाके काढायला आलोय," डॉक्टरांची हाक आली. "घेऊन या तिला वर."

त्या ओ देणार तोच त्यांच्या कमरेच्या वर, बरगड्यांपाशी, हाड पायरीच्या कडेसारखं सरळ काटकोनात उभं राहिलं. दुखलं नाही. पाठीवर हरणी जागी झाली, चारी पायांवर उभी राहिली, आणि तिनं पुढचा पंजा वर ठेवला.