ऋतुजाच्या गुडघ्यांसाठी आलेली फरशी

मी एक फरशी. पांढरी, चकचकीत. देगलूरच्या बाजारामागं एका भाड्याच्या घरात पडून आहे. मनावरचं ओझं हलकं करावं म्हणून बोलते.

भट्टीत भाजले, ट्रकमधून हादरे खात आले, तेव्हा वाटायचं, आपल्यामुळं कुणाचं तरी भलं होईल.

या घरात वर्षाराणी, तिचा नवरा रविकिरण अन् दहा महिन्यांची ऋतुजा राहतात. सासऱ्यांच्या वेळेपासून भाड्यानं घेतलेलं घर, म्हणून भाडं महिन्याला नऊशेच. आधीची काय गोष्ट, ती माझ्याखाली गाडलेल्या जुन्या दगडी फरशीनं मला सांगितली. ती इतकी खडबडीत, की रांगून रांगून ऋतुजाच्या गुडघ्यांची सालं निघायची.

एक दिवस घरमालकीण पार्वतम्मा कागद घेऊन आल्या. "लेकराचे हाल बघवंनात गं. नवी फरशी बसवून देते. एवढी सही कर, माय."

वर्षाराणी सातवी शिकलेली. वाचता येत होतं. पण बाळंतपणात डिंकाचे लाडू करून देणाऱ्या बाईसमोर कागद वाचत बसायचं? त्यांना काय वाटंल? तिनं सही केली अन् वर चहा ठेवला.

मग मी आले. ऋतुजा माझ्यावर पहिल्यांदा उभी राहिली, धपकन बसली अन् हसली. त्या दिवशी मला लई बरं वाटलं.

पुढच्याच महिन्यात भाडं सत्तावीसशे झालं. पार्वतम्मांनी बिलात फुगवून लावलेली माझी किंमत ऐकून मीच चाट पडले.

रविकिरण वकिलाकडं जाऊन आला. "मालकाला दरसाल चारच टक्के वाढवता येतात म्हणे. पण घरात सुधारणा केली अन् भाडेकरूनं लिहून मान्यता दिली, तर खर्च बघून जास्त वाढवता येतं. तू मान्यता दिलीस. वाचायचं न्हाई का?"

"काकूंच्या समोर?"

"हाव, काकू! आता भर काकूचं भाडं."

ती पार्वतम्माकडं गेली. तशीच परत आली. रविकिरणनं विचारलं, "काय म्हणल्या?"

"म्हणल्या, सही तुझीच हाय की. बस, चहा पी."

एवढं भाडं दिलं तर लेकराचं दूध तुटतं. म्हणून आज बोचकी बांधलीत. गावाबाहेरची खोली मिळाली, तिथं खाली मुरूम आहे.

बायांनो, माया करणाऱ्या माणसासमोरसुद्धा कागद वाचा. राग आला तर येऊ द्या. माझे आज तुकडे झाले तरी वर्षाराणीची सही काही पुसली जाणार नाही.