एकाच उशीचा पलंग

या, असं जवळ सरकून बसा. बुवांनी टाळ खाली ठेवलेत, आरतीला अजून अवकाश आहे. तेवढ्यात एका पोरीची गोष्ट ऐका. शेवट गोड नाही, हे आधीच सांगतो. देवाच्या दारात खोटं कशाला बोला.

रितिका कुहीकडची, नागपुरात नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला. वॉर्डातल्या कामाच्या पहिल्याच पोस्टिंगला टॉर्च विसरली, आणि शिकवणाऱ्या मॅडमनी अख्ख्या वॉर्डासमोर तिला होस्टेलवर परत धाडलं. पुन्हा चुकलं तर पोस्टिंग पहिल्यापासून. तेव्हापासून पोरगी काट्यावर चालायची. इस्त्रीचा गणवेश, खिशात कात्री, टॉर्च, दोन रंगांची पेनं. सेकंदकाट्याचं घड्याळ तर झोपतानाही काढत नसे.

तिच्या वाट्याला तुळसाबाई आल्या. रामटेकजवळच्या, हृदय थकलेलं. आडवं झालं की दम कोंडायचा. पलंग डोक्याकडून वर करायचं हँडल मोडलेलं, म्हणून मुलाने, अंकुशने, घोंगडीची वळकटी, कपड्यांची पिशवी आणि दोन उशा रचून पाठीला टेकू दिला होता. त्याला रेलून म्हातारी गडावरच्या रामाचं भजन पुटपुटायची.

"तुये हात लय थंडे आहेत वं," रितिकाने नाडी धरली की म्हणायची. "सासू काय म्हणन तुले?"

"सासू भेटू तर दे, मावशी."

मॅडमच्या राउंडचा नियम ठरलेला. नातेवाईक बाहेर, चादरीचे कोपरे घट्ट, पलंगावर एकच उशी. रितिका टेकूपाशी थबकली. अशा पेशंटला बसतं ठेवायचं, हे तिला पाठ होतं. परीक्षेच्या पेपरातही लिहिलं होतं.

"मावशी, थोडाच वेळ. मॅडम गेल्या की लगेच लावून देईन."

"काढ वं. माह्यापायी तुये मार्क काहून कटावे?"

रितिकाने टेकू काढला, म्हातारीला एका उशीवर निजवलं. मॅडम पहिल्याच पलंगाशी अडकल्या. रितिका हात मागे बांधून ताठ उभी राहिली. भजन थांबलं. मग म्हातारीचे ओठ काळसर पडले. रितिकाला दिसत होतं. पण मॅडम आता शेजारच्याच पलंगाशी होत्या, आणि एवढ्यात वळकटी घातली असती तर सगळं विस्कटलं असतं. तुळसाबाईंनी मान हलवून तिला उभं राहायलाच खुणावलं.

मॅडम आल्या. आधी कोपरे पाहिले. "छान लावलंस," म्हणाल्या, आणि मग त्यांची नजर चेहऱ्याकडे गेली.

पुढे ऑक्सिजन, सुया, धावपळ. दुपारी सगळं संपलं. डॉक्टर म्हणाले, हृदयात काही उरलंच नव्हतं, आज नाही तर उद्या. रितिकाने ऐकलं, मनाने घेतलं नाही. ती मॅडमकडे गेली. "टेकू मी काढला होता."

मॅडमनी हातातला केसपेपर मिटला. मग म्हणाल्या, "तो पलंग लाव. नवीन पेशंट येऊन राहिला."

अंकुशने हात जोडले. "ताई, मायसाठी लय केलं तुम्ही. तुमचंच नाव घेत होती."

रितिकाने घोंगडी घडी करून त्याच्या हाती दिली. मग स्वच्छ चादर, घट्ट कोपरे, एक उशी.

पोस्टिंग पास झाली. तयारी अजूनही चुकत नाही. भजन मात्र तिच्याने ऐकवत नाही. कीर्तनाला बोलावलं तर दारातूनच परत जाते.

आता आरतीला उभे राहाल. हात जोडाल तेव्हा तुळसाबाईंची आठवण ठेवा.