जेवायला न आलेली माणसं

"बाळाला घेऊन वाळवंटात जाऊ नकोस," सासूबाई म्हणाल्या होत्या. "आणि जाणारच असलीस तर किती वाजता परतणार ते सांगून जा." मी हसले. सूर शहरातल्या कॉलेजात चार वर्षं काढलेली मी. मनात म्हटलं, यांना अजून उंटांचेच दिवस आठवतात.

माझा नवरा मुसल्लम प्रवाशांना जीपमधून वाळूच्या टेकड्या दाखवतो. त्या शुक्रवारी मारायके नावाची एकटीच डच शिक्षिका आली होती. परक्या बाईबरोबर त्याने एकट्याने जाणं आमच्यात बरं दिसत नाही, म्हणून सोबतीला मी, आणि माझ्या मांडीवर आठ महिन्यांचा खल्फान. दुपारचं जेवण मुसल्लमच्या जुवैना आत्याच्या तंबूवर.

चाकं रुतू नयेत म्हणून टायरांतली हवा कमी करून वाळूत शिरलो. दहाच्या सुमारास एका टेकडीवरून उतरताना गाडी आडवी घसरली आणि उजवीकडचे दोन्ही टायर रिमवरून निघाले. जादा टायर एकच. फोनला रेंज नाही.

"आपण इथे आहोत हे कोणाला माहीत आहे?" मारायकेने मोडक्या अरबीत विचारलं.

"आत्या वाट बघतेय ना," मुसल्लम म्हणाला.

पण आमच्यात कोणी जेवायला आलं नाही तर कोणी घाबरत नाही. वाटेत दुसऱ्या तंबूवाल्याने बसवून घेतलं असेल, उठूच दिलं नसेल, असं धरून चालतात. आणि सासूबाईंना वाटणार, आत्याने ठेवून घेतलं. दोन्हीकडे सगळे निर्धास्त.

"त्या उंच टेकडीवर रेंज मिळेल. तासाभरात येतो, गाडी सोडू नका," म्हणून मुसल्लम चालत गेला. तास गेला, दुसराही गेला. वाऱ्याने त्याची पावलं अर्ध्यावरच पुसली.

ऊन डोक्यावर आलं. गाडीच्या दाराला चादर बांधून आम्ही खाली बसलो. पाण्याच्या तीन बाटल्या उरल्या होत्या. "तू पी, तुला पाजायचंय," म्हणत मारायके स्वतःचा वाटा माझ्याकडे सरकवत होती. खल्फानचा लंगोट सकाळपासून कोरडा होता. तो रडत होता तोवर ठीक होतं. मग तो रडायचा थांबला. टाळूवर बोट ठेवलं तर ती आत गेल्यासारखी वाटली. मी पुन्हा पुन्हा बोट ठेवून बघत राहिले.

इंजिनाचा आवाज आला तेव्हा दोन वाजून गेले होते. आत्याची पांढरी पिकअप. काच खाली करून तिने सुरुवातच केली, "बोल, कोणाचा भात माझ्यापेक्षा गोड लागला? शेजारच्या सालेमच्या बायकोचा? सकाळपासून बोकड शिजवतेय मी. तीन तंबू पालथे घातले तुम्हाला पकडायला."

मग तिचं लक्ष खल्फानकडे गेलं. उतरली, ओढणीचं टोक भिजवून त्याच्या ओठांना लावत राहिली. "मुसल्लम कुठंय?"

मी टेकडीकडे बोट केलं.

तो दुसऱ्या चढापलीकडे एका गाफच्या झाडाखाली सापडला. ओठ फाटलेले, बोलणं जड.

"आत्या, भात उरलाय?"

"तुझ्यासाठी नाही," ती म्हणाली. आणि पाण्याची बाटली त्याच्या तोंडाला धरली.

खल्फानचा लंगोट ओला झाला तो तिच्या तंबूत, चारनंतर. तोवर मी त्याला मांडीवरून खाली ठेवलं नाही.

आज तुमच्याकडे कोणी यायचं होतं आणि आलं नाही, असं झालंय का? दुसरीकडे रमले असतील म्हणून ताटं झाकून ठेवू नका. आधी बघून या.