मोरीवरची नोटीस

शामराव सोसायटीचे सेक्रेटरी झाले तेव्हाच मी सुनेला म्हटलं होतं, आता हा माणूस नोटिसा काढणार. जन्मभर ज्याला कुणी विचारलं नाही, त्याच्या हातात शिक्का आल्यावर तो दुसरं काय करील?

लालबागची आमची चाळ पाडून तिथे तेवीस मजली बिल्डिंग झाली. चाळकऱ्यांना खालचे चौदा मजले दिले, वरचे बिल्डरने विकले. मी चौदाव्या मजल्यावर आणि शामराव तेराव्यावर, बरोब्बर माझ्या पायाखाली.

बिल्डरने स्वयंपाकघरात उभ्याने भांडी घासायचं सिंक दिलं होतं, मोरी नव्हती. माझ्या यजमानांना, म्हणजे दौलतना, अर्धांगवायू झाला तेव्हा मी कोपऱ्यात तीन बाजूंनी कट्टा घालून मोरी करून घेतली. पाटावर बसवून त्यांना चार वर्षं तिथेच आंघोळ घातली. ते गेले. आता माझे गुडघे गेलेत. मासळी साफ करणं, भांडी, माझी आंघोळ, सगळं मोरीत बसून चालतं. तेवढं आहे म्हणून सुनेला हाक मारावी लागत नाही.

त्या मोरीवर नोटीस आली. शामरावांच्या पॅसेजच्या छताला ओल आली होती, म्हणून माझी ‘अनधिकृत मोरी’ आठ दिवसांत तोडायची, नाहीतर पाणी बंद. खाली सही अशी लफ्फेदार, जणू गिरणीचा मालकच.

हे तेच शामराव. गिरणीच्या संपात, ब्याऐंशीच्या दिवाळीनंतर, कापसाच्या गाठींच्या ट्रकमध्ये ताडपत्रीखाली लपून मागच्या गेटने कामावर गेले होते. आमचे दौलत चिंचपोकळीच्या पुलाखाली कांदे-बटाटे विकत होते, आणि हे ताडपत्रीखाली! पुढे गिरणी बंदच पडली, तेव्हा तेही आमच्यासारखेच घरी बसले. गाठोड्यासारखं पडून जाण्याचा काय फायदा झाला, हे त्यांनी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

मी काठी टेकत मीटिंगला गेले.

“पाणी माझ्याच मोरीतून येतं कशावरून?”

“वहिनी, वर मोरी, खाली ओल. यात विचारायचं काय?”

“मग तुमचं छत उघडून बघा.”

“नवीन सिलिंग केलंय! ते कशाला उघडायचं? लोकांना फ्लॅटमध्ये राहायची पद्धत नाही त्याला मी काय करू?”

राहायची पद्धत! मी म्हटलं, “शामराव, मी मोरीत बसते. ताडपत्रीखाली नाही.”

अर्धी मीटिंग खाली बघून हसली. पण हसण्याने नोटीस जात नाही. शेवटी कमिटीने ठरवलं, गळती शोधणारा यंत्रवाला बोलवायचा. तो सांगेल त्याची फरशी फुटेल.

यंत्रवाला म्हणजे घोडपदेवचा उत्तम, चाळिशीचा गडी. एक सिलिंडर, रबरी नळी आणि लांब चोचीचं हातात मावेल असं यंत्र, एवढाच पसारा. त्याने माझ्या घराचा पाण्याचा कॉक बंद केला, नळ सोडून पाइप रिकामा केला आणि त्यात सिलिंडरमधली हवा भरली.

“हा शेगडीचा गॅस काय रे?”

“नाही आजी. हायड्रोजन आहे थोडा, बाकी नायट्रोजन. पेट नाही घेत. सुईच्या टोकाएवढं भोक असलं तरी बाहेर येतो, फरशीतूनसुद्धा वर येतो. आला की हे यंत्र ओरडतं.”

“उडणार बिडणार नाही ना?” शामराव दाराबाहेरून म्हणाले. आत यायची छाती नव्हती.

उत्तम गुडघ्यांवर बसला आणि फरशीच्या सांध्यासांध्यातून चोच फिरवू लागला. माझा जीव त्या चोचीत अडकला होता. यंत्र ओरडलं असतं तर संध्याकाळपर्यंत कट्टा फुटला असता. ते गप्प राहिलं. मग त्याने मोरीच्या जाळीत बूच मारून सांडपाण्याच्या पाइपातही गॅस भरला. तरी गप्प.

“मशीन बिघडलंय,” शामराव म्हणाले.

उत्तमने नळीचं तोंड जरा सैल केलं. यंत्र असं किंचाळलं की शामराव दोन पायऱ्या खाली गेले.

“मशीन बरं आहे, काका. आता डक्टमधली उभी लाईन बघू. खाली तुमच्याकडे चला.”

“माझ्याकडे कशाला?”

“ओल तुमच्याकडेच आहे ना?”

मीही लिफ्टने उतरले. त्यांच्या सोफ्यावर मी पहिल्यांदाच बसले. त्यांची बायको शांता चहा विचारायची विसरली. तिची नजर सारखी छताकडे. उत्तमने तासाभरासाठी बिल्डिंगचं पाणी बंद करवलं, उभी लाईन रिकामी करून गॅस भरला आणि शिडीवर चढून पॅसेजमधला दिवा काढला. दिव्याच्या भोकात चोच घातली मात्र, यंत्राने घर डोक्यावर घेतलं.

“वर पाइप आहे काका. उभ्या लाईनीतून घेतलेला. कुठे गेलाय?”

“असेल बिल्डरचा.”

“सांगून टाका ना एकदाचं!” शांता ओरडली. “टाकी आहे रे वर. पाचशे लिटरची.”

सिलिंगचा चौकोन उतरवला. प्लास्टिकची काळी टाकी ऐटीत बसली होती आणि तिच्या नळीच्या सांध्यातून गॅस येत होता. एरवी पाणी तिथूनच ठिबकत असणार.

“चाळीत पहाटे चारला पाणी यायचं, वहिनी,” शामराव पुटपुटले. “भरवसा कसा ठेवायचा?”

मला पाण्याचं सांगतात! चोवीस तास नळ असूनही माझ्या गॅलरीत दोन पिंपं भरलेली असतात. आमच्यापैकी कुणाच्या घरात नसतात? पण आमची पिंपं येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतात. यांना सगळ्यांच्या लाईनीतून चोरून टाकी भरायची, ती छताआड लपवायची, आणि ती उघडी पडू नये म्हणून म्हातारीची मोरी फोडायची.

“टाकीचं मला काही नाही,” मी म्हटलं. “नोटिशीचं बोला.”

“ती रद्दच समजा.”

“समजत नाही मी. बोर्डावर लावा.”

दुसऱ्या दिवशी बोर्डावर कागद लागला: ‘तांत्रिक कारणास्तव नोटीस मागे घेण्यात येत आहे.’ तांत्रिक! मी वॉचमनकरवी तो काढवला आणि शामरावांकडे परत पाठवला. दुपारी दुसरा आला. ‘गळती सेक्रेटरींच्या टाकीची होती. चौदाव्या मजल्यावरील मोरीत दोष नाही.’ सही या वेळी अगदी बारीक, लफ्फा नाही.

तो मी सुनेकडून दोनदा वाचून घेतला. मग पाट ओढला आणि बांगडे घेऊन मोरीत बसले. सहा बांगड्यांना लागतं त्याच्या दुप्पट पाणी ओतलं.