विश्वनाथरावांची तक्रार

“कुमुद, ये अंकलजी की फिर कंप्लेंट आ गई,” तिचा बॉस ढींगरा स्क्रीन तिच्याकडे वळवत म्हणाला. “लिखते हैं, पोर्टल में दोष है. मीटिंग में ये लॉग ही दिखा दूँगा. देखो तो, क्या-क्या डाला है!”

कुमुदने पाहिलं. अंकलजी म्हणजे तिचे वडील विश्वनाथराव, हे गुरुग्रामच्या त्या ऑफिसात कुणालाच ठाऊक नव्हतं. लग्नानंतरचं आडनाव असं कधीतरी उपयोगी पडतं.

निवृत्त कर्मचाऱ्यांना औषधं मिळवून देणारं पोर्टल तिची टीम सांभाळत असे. बाबांच्या तक्रारींमुळेच ढींगराने तपशीलवार लॉग सुरू केला होता. कोणी काय भरलं, त्याची ही नोंद. तिच्यात पासवर्ड दिसता कामा नये, त्या जागी नुसत्या चांदण्या हव्यात. इथे मात्र सगळ्यांचेच पासवर्ड उघडेवाघडे पडले होते.

बाबांनी पासवर्ड म्हणून आधी रामकृष्णपुरमच्या क्वार्टरचा नंबर टाकला होता. मग नेताजीनगरचा. मग सरोजिनीनगरचा, जिथे कुमुद सायकल शिकली. सरकारने दिलेल्या एकेका घराचं दार ते उलट्या क्रमाने ठोठावत गेले होते आणि कुठलंच उघडलं नव्हतं. शेवटच्या ओळीत काहीच नव्हतं, नुसतंच बटण दाबलेलं. ‘पासवर्ड विसरलात?’ याला मात्र त्यांनी एकदाही हात लावला नव्हता.

रोज जेवताना “तुमचं पोर्टल बोगस आहे” म्हणणाऱ्या बाबांवर ती किती चिडायची. आता तिला रडू आलं. मीटिंगमध्ये यावर सगळे पोट धरून हसले असते.

“सर, ये दिखाया तो क्लायंट पहले यही पूछेगा, पासवर्ड लॉग में क्यों आ रहे हैं?”

ढींगराचा चेहरा उतरला. “अरे यार! हटाओ पहले!”

दिवसभर मान मोडून तिने तेच केलं. पासवर्ड लिहिणारी ओळ शोधली, चांदण्या बसवल्या, जुने लॉग पुसले. तक्रारीला उत्तर पाठवलं: त्रुटी आमच्या बाजूने होती, दूर केली आहे. त्यात खोटं काही नव्हतं. सगळं खरंही नव्हतं.

मेट्रोत उभ्याउभ्या डुलक्या घेत ती गाझियाबादला पोचली. बाबा दारातच होते.

“उत्तर आलं! त्रुटी तुमचीच निघाली. मी म्हणत नव्हतो?”

“बिल्कुल, बाबा. चला, औषधं मी मागवून देते. पासवर्ड सांगा.”

“अच्छा! पासवर्ड कुणाला सांगायचा नसतो. तूच ना शिकवलंस?”

चष्मा पुसून ते लॅपटॉपसमोर बसले. बोटं उचलली, ती तशीच राहिली. ओठ मात्र हलत होते.

एटीएमवर पुढचा माणूस नंबर दाबताना आपण फिरवतो तशी कुमुदने मान भिंतीकडे फिरवली आणि वाट बघत उभी राहिली.