दीड वाजताचं पातं

भरपाईचा दावा नामंजूर झाल्याचं पत्र आलं तेव्हा आमचे हे डाव्या हाताने दाढी करत होते आणि निम्मा साबण कानाला लागला होता. मी पत्र मोठ्याने वाचलं. "सदर इजा जेवणाच्या सुट्टीत झाली असून त्या वेळी कामगार कामावर नव्हता. ती कृती त्याने स्वतःहून केली. सबब दावा नामंजूर." यांनी आरशातच मान डोलावली आणि म्हणाले, "बरोबरच लिहिलंय की."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी मुळातच भांडखोर, हे माझ्या माहेरचेही सांगतील. पण समोरचा माणूस भांडायला तयार नसला की भांडखोर बाईचे फार हाल होतात.

हे पुस्तकबांधणीच्या कारखान्यात कागद कापायच्या मशीनवर बावीस वर्षं आहेत. सहा आठवड्यांपूर्वी मशीनचं पातं बदलताना ते निसटलं आणि यांच्या उजव्या हाताची, अंगठ्याशेजारची दोन बोटं आतून कापली गेली. टाके घातले, जखम भरली, पण बोटं वाकेनात. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, दुसरं ऑपरेशन करून आतल्या शिरा नीट जोडायला हव्यात, आणि तेही तीन महिन्यांच्या आत. उशीर झाला तर बोटं जन्मभर सरळसोट राहतील. ते ऑपरेशन आमच्या आवाक्यातलं नव्हतं. दावा मंजूर झाला तर बोटं, नाही तर नाही, असा सरळ मामला होता.

"फॉर्मात 'स्वतःहून' असं लिहिलंत कशाला?" मी विचारलं.

"मला कोणी सांगितलं होतं का पातं बदल म्हणून? मग काय लिहू?"

"काहीच लिहायचं नाही!"

"रकाना होता," हे म्हणाले.

यांच्या खात्यातली सगळी माणसं अशीच. मशीनचं आणि सुपरवायझरचं गाऱ्हाणं बाहेर न्यायचं नाही, हात कापला तर दोष आपल्या हाताचा. त्याला ते इमान म्हणतात. मी दुसरं काही म्हणते, पण ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मी शिवणकाम करते, बारीक टाका मला चटकन दिसतो. पत्राच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं की निर्णय मान्य नसल्यास तीस दिवसांत अपील करता येईल. दुसऱ्या दिवशी सकाळी मी यांना जवळजवळ बखोटीला धरून कामगार मदत केंद्रात नेलं.

तिथल्या बाई माझ्याच वयाच्या होत्या. त्यांनी पत्र दोनदा वाचलं आणि चक्क खूश झाल्या.

"कारण एकच दिलंय. म्हणजे आपल्याला एकच खोडायचं. इजा झाली हे त्यांना मान्य आहे, डॉक्टरांचे कागदही मान्य आहेत. वाद फक्त एवढाच, की तुम्ही त्या वेळी कामावर होतात का." मग त्या यांच्याकडे वळल्या. "पातं सुट्टीतच का बदलत होतात?"

"मंगळवारी आणि शुक्रवारी दीड वाजता धारवाला येतो. तो धार लावलेलं पातं सकाळीच ठेवून जातो आणि बोथट झालेलं दीडला घेऊन जातो. ते काढून तयार नसेल तर तो थांबत नाही. मग दुसरं पातं बिनधारेचं राहतं, आणि पुढच्या कामाच्या कडा फाटतात."

"त्याला कारखान्यानेच नेमलंय?"

"हो. वेळही ऑफिसानेच ठरवलेली आहे."

"आणि तुमची सुट्टी?"

"एक ते दीड."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "अहो दादा, हे फॉर्मात का नाही लिहिलंत?"

"तसा रकाना नव्हता."

मी कपाळावर हात मारून घेतला.

घरी आल्यावर यांनी पाय मागे घेतला. सुपरवायझर अडचणीत येईल, आणि काही झालं तरी मला हुकूम होता असं खोटं मी बोलणार नाही, म्हणाले. मी म्हटलं, "खोटं बोलूच नका. अर्धं खरं लिहून आलात, उरलेलं अर्धं सांगून या." दुसऱ्या दिवशी हे आपणहून मला धारवाल्याच्या दुकानात घेऊन गेले. बावीस वर्षांच्या इमानाला मी पहिल्यांदाच हलवलं असेल.

धारवाल्याला सगळे घड्याळकाका म्हणतात. एक घड्याळ मनगटावर, एक खिशात, आणि दोन्हींवर विश्वास नाही म्हणून तिसरं दुकानाच्या भिंतीवर. पातं ताब्यात घेताना हा माणूस चिठ्ठीवर मिनिटासकट वेळ घालतो आणि सुपरवायझरची सही घेतो. अकरा वर्षांच्या चिठ्ठ्यांच्या नकला बिस्किटांच्या डब्यांत वर्षवार लावलेल्या! सगळ्या दीडच्या आगेमागे. अपघाताच्या दिवसाचीही निघाली: 'एक वाजून तीस. पातं मिळालं नाही. माणूस दवाखान्यात नेला.' खाली सही.

"साक्षीला येतो," घड्याळकाका म्हणाले, "पण मंगळवार-शुक्रवार नको. मला दीडला पातं घ्यायचं असतं."

सुनावणी बुधवारी झाली. एक लांबट टेबल, पलीकडे अधिकारी, एका बाजूला कारखान्याचे साहेब, दुसऱ्या बाजूला आम्ही. अधिकाऱ्यांनी पहिलाच प्रश्न टाकला, "पातं बदलायला तुम्हाला कोणी सांगितलं होतं?"

"नाही," हे म्हणाले.

संपलं, असं मला वाटलं. पण मदत केंद्राच्या बाईंनी शांतपणे चिठ्ठ्यांचा गठ्ठा पुढे सरकवला आणि घड्याळकाकांनी त्या तारीखवार पाठ म्हणायला घेतल्या, शेवटी त्यांना थांबवावं लागलं. अधिकारी कारखान्याच्या साहेबांकडे वळले.

"धारवाल्याची वेळ कोणी ठरवली?"

"आम्हीच. पण सुट्टीत काम करा असं आम्ही म्हटलेलं नाही."

"दीडपर्यंत सुट्टी, आणि दीडला पातं तयार हवं. मग ते कोणी आणि कधी काढायचं होतं?"

साहेब चिठ्ठ्यांवरची सही बघत बसले. अधिकाऱ्यांनी यांना विचारलं, "मग त्या दोन दिवशी तुम्ही जेवत कधी होतात?"

"कारखान्यात नाहीच. पातं बसवून होईपर्यंत भोंगा व्हायचा."

"मग डबा रिकामा कसा यायचा?" मी भर सुनावणीत ओरडले. माझ्याच्याने राहवलं नाही.

हे ओशाळले. "संध्याकाळी बसस्टॉपवर खायचो. उरवून आणला की तू चिडतेस ना."

अधिकारी मान खाली घालून लिहू लागले. मला मात्र भडभडून आलं. अकरा वर्षं आठवड्यातून दोनदा हा माणूस उपाशीपोटी काम करत होता, आणि घरी येऊन मला भाजी छान झाली होती म्हणून सांगत होता.

निकाल एकोणीस दिवसांनी आला. दावा मंजूर, ऑपरेशन मंजूर. यांनी पहिलं पान तीनदा वाचलं, तेही एकाच ओळीपाशी थांबत: 'पातं बदलणे हा कामगाराच्या कामाचाच भाग होता.' मी म्हटलं, अहो, पान उलटा, ऑपरेशनचं मागे आहे. तर म्हणे, थांब जरा. मग मीही थांबले. सुपरवायझरचं काहीच वाकडं झालं नाही. उलट आता धारवाला तीनला येतो, आणि पातं बदलायला मशीन रीतसर बंद ठेवतात.

ऑपरेशन मुदतीत झालं. पाचव्या आठवड्यात पट्टी निघाली तेव्हा बोटं पांढुरकी पडली होती आणि हलायला तयार नव्हती. डॉक्टर म्हणाले, रोज व्यायाम करा. हे रोज व्यायाम करायचे आणि मी रोज यांची नजर चुकवून बोटांकडे बघायचे. आठव्या आठवड्यात आम्ही पुन्हा दाखवायला गेलो.

"अंगठा आणि पहिलं बोट जुळवून काहीतरी धरून दाखवा," डॉक्टर म्हणाले आणि टेबलावर पेन शोधू लागले.

यांनी पेनाची वाट पाहिली नाही. शेजारी मी बसले होते, माझ्या दंडाला चिमटा काढला. मी दचकून ओरडले. डॉक्टर दचकले. हे घाबरून हात मागे घेऊ लागले आणि म्हणाले, "फार लागलं का?"

डोळ्यांत पाणी आलं होतं माझ्या. "अजिबात नाही," मी म्हटलं, "अजून जोरात काढा."